एकशे एकतीस अक्षरांचा पत्ता

मित्रांनो, मी एक जुना पत्ता आहे. पण पोस्टमनला माझा कधीच उपयोग नव्हता. मी इंटरनेटवरच्या एका पानाचा पत्ता. माझ्यात गल्ली नाही, पेठ नाही, तालुका नाही. अक्षरे, टिंबे, तिरप्या रेघा, एक प्रश्नचिन्ह, टक्क्याची चार चिन्हे आणि पुष्कळ आकडे. सगळे मिळून एकशे एकतीस.

माझा जन्म सप्टेंबर १९९८ मध्ये इंग्लंडमधल्या एका रक्तपेढीच्या संगणकात झाला. मला कुणी हौसेने नाव ठेवले नाही. त्या संगणकात कपाटात कपाट, कपाटात खण आणि खणात पान अशी मांडणी होती. नवे पान आले की तो वाटेतल्या प्रत्येक कपाटाचे नाव एकापुढे एक जोडायचा आणि शेवटी आकड्यांची माळ लावायचा. म्हणून मी लांब झालो. पुढे माझ्याविषयी जे काही बोलले गेले ते या लांबीविषयीच.

माझ्यामागचे पान मात्र छोटे होते. दुर्मीळ रक्तगट ओळखण्याचे एक वर्षाचे प्रशिक्षण. परदेशातल्या चार तंत्रज्ञांसाठी जागा. राहणे, जेवण आणि प्रवास त्यांच्याकडे. वय येत्या एक जानेवारीला सव्वीसच्या आत हवे. अर्ज फॅक्सने चालेल. तो पोहोचण्याची शेवटची तारीख ३० नोव्हेंबर.

सांगलीत एका इस्पितळाच्या रक्तपेढीत दीक्षा नावाची मुलगी तीन वर्षे काम करत होती. वय पंचवीस. राहायला माधवनगरला, वडिलांजवळ. आदल्या वर्षी विट्याकडची एक बाळंतीण इस्पितळात आली होती. तिचे रक्त तिथल्या एकाही पिशवीशी जुळेना. पुण्याहून जुळणारी पिशवी यायला अकरा तास लागले. बाई वाचली. दीक्षाला मात्र त्या अकरा तासांत काय करायचे ते माहीत नव्हते, आणि ते शिकवणारे सांगलीत कुणी नव्हते. दिवाळीत भाऊबिजेला ती साताऱ्याला आत्याकडे गेली, तेव्हा बेंगलोरहून आलेल्या आतेभावाला, मिलिंदला, तिने ताटावरून उठता उठता सांगितले, "दादा, कुठं काही शिकायचं दिसलं तर कळव." हे मी नंतर तिच्याच तोंडून ऐकले.

मिलिंद विसरला नाही. सोमवारी, २६ ऑक्टोबरला, ऑफिसात चहाच्या वेळी त्याने मला शोधून काढले. पान वाचले, तारीख वाचली. मग त्याने मला उचलले आणि 'माहुली'वर टाकले.

'माहुली' म्हणजे काय ते सांगतो. सातारा आणि सांगलीकडची, पण गावोगाव पांगलेली एकशे चाळीस माणसे ई-मेलच्या एका पत्रयादीवर होती; मिलिंद आणि दीक्षाही त्यात होते. एकाने लिहिलेले पत्र सगळ्यांना पोहोचायचे. मराठी, पण इंग्रजी अक्षरांत. वाईचे निवृत्त गणितशिक्षक चिंतामणराव ही यादी सांभाळत. तेव्हा इंटरनेट फोनच्या तारेवरून यायचे आणि गावाकडची माणसे लांबच्या शहरात फोन लावून पत्रे उतरवून घ्यायची. म्हणून चिंतामणरावांचे तीन नियम होते. पत्र तीन ओळींच्या वर नको. 'धन्यवाद', 'मिळाले' अशी पत्रे नकोत. आणि काही विचारण्याआधी आपले आपण शोधून पाहावे. दुसऱ्याच्या फोनवर आपण बोलू नये, असे ते म्हणत. नियम चांगले होते. सगळे ते पाळत.

मिलिंदनेही पाळले. त्याने लिहिले, "दीक्षा, हे बघ." आणि खाली मी. दोन शब्द जास्त लिहायला त्याला काही लागले नसते. पण थोडक्यात लिहिणे ही तिथली रीत होती, आणि बोलणे तर दिवाळीत झालेच होते.

दीक्षाच्या घरी संगणक नव्हता आणि फोनही नव्हता. माधवनगरच्या रस्त्यावर नाथाजीचा एसटीडी बूथ होता. बूथच्या मागच्या खोलीत त्याने एक संगणक आणि एक ठकठक वाजणारा प्रिंटर बसवला होता. रोज सकाळी आठच्या आत, फोनचा दर कमी असताना, तो पुण्याला फोन लावून सगळ्या गिऱ्हाइकांची पत्रे उतरवून घ्यायचा, छापायचा, कागदाच्या छिद्रांच्या कडा फाडून नावाप्रमाणे गठ्ठे लावायचा. लोक संध्याकाळी येऊन गठ्ठा घेऊन जात.

नाथाजीचे आणखी एक काम होते, आणि ते त्याला कुणी सांगितलेले नव्हते. पुण्याची तार खरखरली की पत्रांत कचरा यायचा. मजकुराच्या मध्येच टक्के, कंस, आकडे, वेडीवाकडी चिन्हे. सुरुवातीला गिऱ्हाइके कुरकुरली. तेव्हापासून तो छापण्याआधी प्रत्येक पत्र पडद्यावर वाचून कचरा पुसून टाकायचा. "आपल्याकडचं पत्र म्हंजे निवडल्यालं तांदूळ," असे तो म्हणायचा. मिरजेपर्यंत त्याचे नाव झाले होते.

२७ तारखेच्या सकाळी मी त्याच्या पडद्यावर उतरलो. पडद्याची ओळ ऐंशी अक्षरांची. माझी ऐंशी अक्षरे पहिल्या ओळीत बसली. उरलेली एक्कावन्न दुसऱ्या ओळीत गेली: प्रश्नचिन्ह, टक्के, आकडे, पुन्हा टक्के. नाथाजीने ती दुसरी ओळ पाहिली. त्याला वाटले, आज तार लईच खराब आहे. त्याने ती पुसली. कामात कसूर न करणारा माणूस होता तो.

मी अर्धा छापला गेलो.

संध्याकाळी पाच वाजून गेल्यावर दीक्षा आली.

"माझं काही आलंय का?"

"आलंय की ताई. बेंगलोरच्या पावण्यांचं. पण लय काय लिवलं न्हाई त्येंनी."

तिने कागद घेतला. "हे बघ. एवढंच?"

"खाली पत्ता हाय न्हवं? बसा, लावतो फोन."

तिने एकेक अक्षर बोटाने धरून ऐंशी अक्षरे टाइप केली. मी तिला कुठे नेणार होतो? अर्ध्या वाटेवर नेले. इंग्लंडच्या त्या संगणकाने उत्तर दिले की असे पान इथे नाही.

"एखादं अक्षर हुकलं आसंल. पुन्यांदा टाका," नाथाजी म्हणाला.

तिने पुन्हा टाकले. तिसऱ्यांदा नाथाजीने वाचून दाखवले आणि तिने टाकले. उत्तर तेच.

"मेला ह्यो पत्ता," नाथाजी म्हणाला. "आवं, आसं हुतंय ताई. इंटरनेट म्हंजे आठवड्याचा बाजार. दुपारी बगितल्यालं पाल सांजच्याला उटल्यालं आसतंय. यादीवर इचारू का पावण्यांस्नी?"

दीक्षाने कागद हातात घेतला.

"नको. तिथं सगळे वाचतात. साधं पान उघडता येईना म्हणतील. आमच्या समाजातले मी आणि दादा, दोघंच आहोत त्या यादीवर. हसं नको."

"मग त्येंच्याच पत्त्यावर टाकतो. कुणाला दिसत न्हाई."

"काय टाकणार? त्यानं बघितलं तेव्हा होतं. आता नाही. त्यात तो काय करणार?"

तिने कागदाची चार पदरी घडी घातली आणि मला पर्समध्ये ठेवले.

घरी आबा दारातच बसले होते. आबा तिचे वडील. माधवनगरच्या एका कापडगिरणीत मागावर बावीस वर्षे काढली, गिरणी बंद झाल्यावर घरीच असत.

"काय म्हनतोय आपला मिल्या?"

"एक जागा होती बाहेर शिकायची. भरली असणार."

"कवा भरली?"

"ते नाही कळलं, आबा."

आबांनी मान हलवली. "गिरणीतबी आसंच हुतं. गेटवर नोटीस लागायची. आपून पोचूस्तवर कुनीतरी फाडल्याली आसायची." मग म्हणाले, "भाकरी झाकून ठिवलीया. जेव."

ती जेवली. दुसऱ्या दिवशी कामावर गेली. माझ्यामागच्या पानाला अजून तेहतीस दिवस होते.

आता तुम्हाला माझ्या कीर्तीचा काळ सांगतो. तो त्याच दिवशी सुरू झाला.

शिरवळच्या एका कारखान्यात शौनक नावाचा इंजिनियर होता. २८ ऑक्टोबरला त्याने 'माहुली'वर लिहिले, "असे लांब पत्ते टाकण्याआधी विचार करावा. माझ्या पडद्यावर सगळे पत्र उजवीकडे ताणले गेले आहे." त्यावर वाईच्या ऋचाने लिहिले की तिच्याकडे मी ताणला गेलो नाही, माझे दोन तुकडे झाले, आता दाबायचा कुठला? विट्याचा सिद्धू कोइमतूरला सोने गाळण्याचे दुकान चालवायचा. त्याने लिहिले, "दोन्ही दाबून बघा की. आन लांब तर लांब, गळ्यात घालायचाय व्हय?" यावर कुणीतरी यादीची पातळी घसरल्याचे लिहिले. सिद्धूने विचारले, पातळी कुठल्या धरणाची?

तेवीस दिवसांत माझ्याविषयी एकेचाळीस पत्रे आली. मी मोजली आहेत, कारण बहुतेक पत्रांच्या तळाशी मी होतोच. कुणी म्हणाले, लांब पत्त्यांवर बंदी घाला. कुणी म्हणाले, फक्त मुख्य पानाचा पत्ता द्या, पुढचे ज्याचे त्याने शोधावे. मिलिंद या वादात कुठेच नव्हता. ३० ऑक्टोबरला त्याला कंपनीने मस्कतला पाठवले होते आणि तिथे त्याला 'माहुली' दिसत नव्हती. दीक्षाचे उत्तर आले नव्हते, याचे त्याला नवल वाटले नाही. 'मिळाले' असे लिहायचे नाही, हा नियमच होता. अर्ज गेला असेल असे त्याने धरले.

या तेवीस दिवसांत मला पूर्ण जोडून तिघांनी उघडले. एक शौनक. तो काटेकोर माणूस होता. त्याने ऋचाच्या पत्रातल्या माझ्या दोन्ही ओळी सांधल्या, पान नीट निघते याची खात्री केली आणि यादीवर लिहिले, "दुसरी ओळ पहिलीला जोडली की पत्ता चालतो. प्रश्न लांबीचा आहे." पानावर काय आहे, ते त्याने लिहिले नाही. त्याला रक्तगटांशी काही करायचे नव्हते. बाकीच्या दोघांनीही पाहून पान मिटले.

शौनकचे ते पत्र १२ नोव्हेंबरचे. त्या दिवशी शेवटच्या तारखेला अठरा दिवस होते. पत्र नाथाजीच्या संगणकात उतरले. पण छापले गेले नाही. तोवर नाथाजीने आपल्या गिऱ्हाइकांच्या भल्यासाठी ठरवून टाकले होते की भांडणाची पत्रे छापायची नाहीत.

दीक्षाने एकदा विचारले होते, "यादीवर काय चाललंय? गठ्ठा पातळ झालाय."

"काय न्हाई ताई. भांडत्यात. वहिवाटीच्या वाटंवरनं भांडावं तसं एका पत्त्यावरनं जुंपलीया. कशाला कागद घालवायचा तुमचा?"

"बरं केलंत," ती म्हणाली.

कुठला पत्ता, हे तिने विचारले नाही. त्यानेही सांगितले नाही; त्याच्या लेखी तो मेलेला पत्ता होता.

३० नोव्हेंबर सोमवारी आला आणि गेला. त्या दिवशी दीक्षाची दुपारची पाळी होती. तिने एकोणीस पिशव्या तपासल्या.

चिंतामणरावांनी अखेर वाद मिटवला. शुक्रवारी, ११ डिसेंबरला पहाटे, त्यांनी 'माहुली'साठी नवी नियमावली पाठवली. तीन ओळींची मर्यादा त्यांनी स्वतःपुरती बाजूला ठेवली होती. लांब पत्ता स्वतंत्र ओळीत लिहावा. त्याच्या दोन्ही टोकांना कोनी कंस < > द्यावेत, म्हणजे ओळ तुटली तरी पत्ता कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो ते कळेल. शेवटी पूर्णविराम चिकटवू नये. पान जड असेल तर आधी सांगावे, लोकांची फोनची मिनिटे जातात. सगळे रास्त होते. शेवटी त्यांनी लिहिले होते, "उदाहरणार्थ, पुढील दोन ओळी मिळून एकच पत्ता आहे." आणि खाली मी होतो. अख्खा, दोन कंसांत, एकशे एकतीस अक्षरांचा. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी मला नीट बसवले होते.

नियमावली म्हणजे भांडण नव्हे. नाथाजीने ती छापली. दुसऱ्या ओळीला त्याने हात लावला नाही, कारण वर स्पष्ट लिहिले होते.

संध्याकाळी दीक्षा ती उभ्यानेच वाचत होती. उदाहरणापाशी ती थांबली. तिने पर्स उघडून आतला घडीचा कागद काढला आणि दोन्ही कागद शेजारी शेजारी धरले. एकावर एक ओळ, एकावर दोन.

"नाथाजीभाऊ, ही दुसरी ओळ माझ्या कागदावर नाही."

नाथाजी प्रिंटरची फीत बदलत होता. हात पुसत आला. त्याने दोन्ही कागद पाहिले. पुष्कळ वेळ पाहिले.

"ताई, ही मी पुसली हुती."

तिने दोन्ही कागद परत घेतले.

"कचरा वाटला मला. तार खरखरती तवा आसंच येतंय बगा, टक्कं, आकडं. मला काय ठावं."

"फोन लावा," ती म्हणाली.

त्याने लावला. तिने एकशे एकतीस अक्षरे टाइप केली. एकही चुकले नाही. पान उघडले. त्या पडद्यावर चित्रे येत नसत, नुसती अक्षरे यायची. तिने ती वरून खाली वाचली. चार जागा. दुर्मीळ रक्तगट. वय. मग तारीख. तारखेपाशी तिने बोट ठेवले आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिले. अकरा दिवस.

"एक फॅक्स टाकून बघू या का? आजच जाईल," नाथाजी म्हणाला. "झालं आसं म्हनून लिवा. माझं नाव घाला."

फॅक्स गेला. चौथ्या दिवशी उत्तर आले. सभ्य भाषेत दोन वाक्ये होती. जागा भरल्या आहेत, आणि पुढच्या वर्षीसाठी शुभेच्छा. पण २००० सालच्या एक जानेवारीला दीक्षाची सव्वीस वर्षे उलटलेली असणार होती. ते त्यांना माहीत असायचे कारण नव्हते.

नाथाजी म्हणाला, "ताई, मला काय बोला तरी."

"काय बोलू? तुमचं रोजचं काम ते. रोज नीटच करता."

मिलिंद जानेवारीत परतला आणि त्याने दीक्षाच्या घराजवळच्या आप्पासोंच्या किराणा दुकानात फोन केला. शेजाऱ्यांचे फोन तिथेच येत. दुकानातल्या पोत्यावर बसून दीक्षा बोलली. मी पर्समध्ये होतो.

"अगं, तू अजून सांगलीतच? मी पाठवलं होतं की."

"हो. पाठवलं होतंस."

"मग?"

तिने सांगितले. आवाज वरखाली न करता, तारखांसकट सांगितले.

"मी एक फोन करायला हवा होता," तो म्हणाला.

"आप्पासोंना दुकान बंद करायचंय, दादा. ठेवते."

त्यानंतर ती नाथाजीकडे गेली आणि 'माहुली'वर पहिल्यांदा स्वतःच्या नावाने पत्र लिहिले. ते मला पाठ आहे. "खालच्या पत्त्यावर रक्तपेढीतल्या तंत्रज्ञांसाठी प्रशिक्षणाची माहिती आहे. वय सव्वीसच्या आत हवे. या वर्षीची तारीख ३० नोव्हेंबर होती, ती गेली. मी हे पान ११ डिसेंबरला पाहिले. पत्ता दोन ओळींत आहे. उघडला नाही तर मला विचारा. मी कागदावर उतरवून पोस्टाने पाठवीन. तुमच्या ओळखीत कुणी अशा कामात असेल तर त्याला सांगा." आणि खाली मी.

सहा ओळी झाल्या होत्या. नियमाच्या दुप्पट. चिंतामणरावांचे उत्तर दुसऱ्या दिवशी आले. "उत्तम पत्र. नमुना म्हणून नियमावलीला जोडत आहे." ते मनापासून लिहिले होते. पत्र कशाविषयी आहे, हे त्यांच्या लक्षात आले की नाही, मला सांगता येत नाही.

सिद्धूचेही आले, एका ओळीचे. "बहिणी, ही तारीख ऑक्टोबरात कुणी लिहिली न्हाई व्हय?"

त्याला कुणी उत्तर दिले नाही.

त्या पत्रावरून पुढे कुणी अर्ज केला का? नाही. जुलै १९९९ मध्ये इंग्लंडच्या त्या संगणकातली कपाटे नव्याने लावली गेली आणि माझे पान काढून टाकले. नाथाजीने पत्रे निवडणे सोडले. आता गिऱ्हाइके कचऱ्याबद्दल कुरकुरली की तो म्हणतो, "ऱ्हाऊ द्या. कचरा कंचा, त्ये तुमीच ठरवा." त्याचे मिरजेपर्यंतचे नाव थोडे कमी झाले. दीक्षा त्याच रक्तपेढीत आहे. न जुळणारे रक्त आले की आजही पुण्याला फोन करते आणि वाट पाहते. ती रागावलेली नाही. मी तिच्याजवळ आहे म्हणून सांगतो, तिला काहीच झालेले नाही असे ती वागते, आणि आता तिलाही ते खरेच वाटते.

मित्रांनो, मी तक्रार करत नाही. मला तोडले ते सफाईसाठी, आणि माझ्यावर भांडले ते शिस्तीसाठी. तुम्हीही कुणाला पत्ते पाठवाल. ते माझ्याहून लांब असतील. कंस घाला, वेगळी ओळ द्या, ते सगळे करा. पण आधी मागे काय आहे ते लिहा, कुणासाठी आहे ते लिहा, आणि तारीख असेल तर ती लिहा. दोन ओळी वाढल्या म्हणून कुणाचा फोन झिजत नाही. आणि चार दिवस उत्तर आले नाही, तर समोरच्याला एकदा विचारा, उघडले का? एकशे चाळीस माणसांत दीक्षाला हे कुणीही विचारले नाही.